बॅरिस्टरचा पाइप पेटवणारा माणूस

मधूदादा,

तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले. युनिटच्या ग्रुपवर तुझ्या फोटोखाली सगळ्यांनी हात जोडले. कुणीतरी लिहिलं, "आधारवड कोसळला." तू असतास तर म्हणाला असतास, "मी प्रॉपर्टीवाला हाय रे, झाड पायजे तर आर्टवाल्यांकडं माग." मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. मला जे लिहायचं होतं ते दोन ओळींत मावणारं नव्हतं आणि चारचौघांत टाकण्यासारखंही नव्हतं. आता तेच इथे लिहिते आहे. कारण तुझ्यापाशी बोलायची दुसरी सोय उरलेली नाही.

आपली ओळख अठरा वर्षांची. तू सेटवरच्या वस्तू सांभाळायचास, मी त्या वस्तू एका शॉटमधून दुसऱ्या शॉटमध्ये जागच्या जागी आहेत की नाही ते बघायचे. म्हणजे तू कप ठेवणार आणि मी म्हणणार, कान डावीकडे होता, आता उजवीकडे कसा? आपल्या दोघांच्या कामात मैत्री होण्यासारखं काही नाही. भांडण होण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. तू मला 'वहीवाली' म्हणायचास. मी टॅबलेट वापरायला लागल्यावरही म्हणायचास.

पहिलं भांडण कपावरूनच झालं होतं. शॉट लांबचा होता, कपात काय आहे ते दिसणारही नव्हतं, आणि तू मात्र स्टोव्हवर चहा उकळत बसला होतास. बारा माणसं थांबली होती. मी म्हटलं, "रिकामाच दे ना, कोण बघतंय?" तू कप भरलास, नटाच्या हातात दिलास आणि मग माझ्याकडे आलास.

"रिकामा कप उचलनारा हात हलका उठतो. बघनाऱ्याला कळत नाय काय चुकलं, पन चुकलं येवढं कळतं."

मी तेव्हा हसले होते. त्यानंतर मला कुठल्याही मालिकेत रिकामे कप दिसायला लागले. घरी टीव्ही बघणं मुश्कील करून ठेवलंस.

मग बॅरिस्टरची मालिका आली. तुर्भ्याच्या एमआयडीसीतली ती शेड, आधी जिथे केमिकलची पिंपं ठेवायचे. तिच्यात आपण नव्वद वर्षांपूर्वीचा दिवाणखाना उभा केला. बाहेर ट्रक मागे घ्यायला लागला की त्याचं टूं टूं आत यायचं आणि साउंडवाला कपाळाला हात लावायचा. आत मात्र झुंबर, गालिचा, पुस्तकांची कपाटं, आणि खुर्चीत बॅरिस्टर. संहितेत पाइपचं नाव एकदाच होतं. पहिल्या भागात, कंसात: 'पाइप ओढत'. तू त्या दोन शब्दांवर एक अख्खा माणूस बसवलास.

तू कुठून कुठून चार पाइप आणलेस. कामाला निघताना एक, अशिलासमोर दुसरा, घरात वाचताना तिसरा. चौथा जुना, दांडीला दातांच्या खुणा असलेला. तो फक्त तेव्हा, जेव्हा घरात कुणी बघत नसेल. हे कुणी सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकालाही तिसाव्या भागात कळलं. तुझं म्हणणं एकच होतं: पाइप हा देखावा नाही. त्या काळातला त्या घरातला माणूस पाइप ओढताना विचार करत नव्हता, मग आपण तो विचार करून कसा दाखवायचा? क्लोजअप नको. ओढून धुराची वेटोळी सोडणं नको. "दिसला की गेला," म्हणायचास. "बघनाऱ्यानं मानूस बघायचा."

अडचण एवढीच की आमचे बॅरिस्टर घरी सुपारीसुद्धा न खाणारे. पहिल्या दिवशी एक झुरका घेतला आणि डोळ्यांत पाणी येऊन खुर्चीतून उठले. पाइप बिडीसारखा पेटत नाही. एकदा पेटवायचा, वरचा थर दाबायचा, पुन्हा पेटवायचा, आणि मग पाइपच्या वाटीभर निखारा सारखा होईपर्यंत हळूहळू ओढत राहायचं. ते सगळं तू केलंस. कॅमेऱ्याच्या मागे बसून, चपट्या डोक्याच्या खिळ्याने दाबत, तू पाइप जमवायचास, तोंडाकडची दांडी स्पिरिटने पुसायचास, आणि 'रोल' म्हणायच्या आधी बॅरिस्टरांच्या हातात द्यायचास. त्यांनी फक्त धरायचा आणि मधून ओठांना लावायचा.

आत भरायचास ते वहिनींनी गच्चीवर वाळवलेला पुदिना आणि गुलाबाच्या पाकळ्या. वर चिमूटभर खरी तंबाखू. मी विचारलं होतं, ती कशाला? तू मला उन्हाच्या तिरिपेपाशी नेऊन दाखवलंस. नुसत्या पाल्याचा धूर पांढरा येतो, शेकोटीसारखा. तंबाखूचा निळसर. "बॅरिस्टरच्या घरात शेकोटी कशाला पेटंल?"

आणि मी काय करत होते? मी धूर जुळवत होते. लांबच्या मास्टर शॉटमध्ये धूर जितका दाट, तितकाच क्लोजमध्ये हवा. माझ्या नोंदी अजून आहेत. 'पाइप उजव्या हातात, वाटी पाऊण, धूर मध्यम.' प्रत्येक टेकनंतर सगळे माझ्याकडे बघायचे आणि मी म्हणायचे, "नाही मॅच होत. पुन्हा पेटव, दादा." तू पुन्हा पेटवायचास. मुलीचं पत्र वाचायचा प्रसंग केला त्या दिवशी अकरा टेक झाले. अकरा वेळा मी 'पुन्हा' म्हणाले.

त्या दिवशी पॅकअपनंतर मी दिवाणखान्याच्या भिंतीमागे चार्जर शोधायला गेले. प्लायवूडची भिंत, मागून नुसत्या पट्ट्या आणि खिळे. तिथे तू उकिडवा बसून खोकत होतास. तोंडाशी पंचा धरून, आवाज बाहेर जाऊ नये असा. मला बघून म्हणालास, "धूळ हाय." मी म्हटलं, "हो, धूळच." आणि चार्जर घेऊन निघून आले.

तेव्हापासून मी ऐकायला लागले. रोज. त्याआधीही तू खोकत असशीलच, मला ऐकू येत नव्हतं एवढंच.

मी काही केलं नाही असं नाही. आईचं जुनं रक्तदाब मोजायचं यंत्र घरी पडलं होतं, त्याचा रबरी फुगा मी आणला. म्हटलं, दांडीला नळी लाव, फुगा दाब-सोड कर, तोंड लावायची गरज नाही. तू मोठ्या कौतुकाने करून बघितलंस. पाइपमधून असा काही आवाज निघाला की बॅरिस्टर, त्यांची सून आणि लाइटवाले पोट धरून हसले. वर निखारा एका बाजूलाच पेटला. तू फुगा पुसून मला परत दिलास. "आईला सांग, बॅरिस्टरचं बीपी नॉर्मल हाय."

मग मी म्हटलं, विझलेलाच दे. तर तू कपाचीच गोष्ट पुन्हा सांगितलीस. मी चिडले. "अरे, छातीचं खोकं होईल तुझं!" तू म्हणालास, "माझा बा होडीवर आयुष्यभर बिड्या ओढायचा. ऐंशी वरसं जगला." मी म्हटलं, "तो खाडीच्या वाऱ्यात ओढायचा. तू पत्र्याच्या शेडमध्ये ओढतोस, दारं बंद करून." त्यावर तू पक्कड शोधायला लागलास. अडलास की तुझी पक्कडच हरवायची.

आता ते सांगते, जे तुला कधी सांगितलं नाही.

पाइप चॅनलने बंद केला असं तू शेवटपर्यंत समजत होतास. चॅनलने केलाच. पण त्यांना सांगितलं मी.

दिवाळीनंतर चॅनलच्या बाई सेटवर आल्या होत्या. शेडच्या फाटकापाशी गाडीची वाट बघत उभ्या होत्या, मला म्हणाल्या, शूटिंग लांबतंय, काही कमी करता येईल का? मी म्हटलं, पाइप काढा. पाइप दिसला की पडद्यावर खाली इशाऱ्याची पट्टी येते, लोकांचं लक्ष जातं. आणि धूर जुळवायला रोजचा तासभर जातो. त्यांनी फोनमध्ये टिपून घेतलं. दोन मिनिटांचं काम.

तुझ्या छातीचं मी बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी पाइप ठेवला असता आणि तुला काढलं असतं. दुसरा कुणी पेटवणारा आणला असता. हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं, म्हणून तासाचा हिशेब सांगितला. तो त्यांना लगेच कळला.

चौथ्या दिवशी निरोप आला. तू चारही पाइप पंच्यात गुंडाळलेस. एवढंच म्हणालास, "आता बॅरिस्टरच्या हातात काय देऊ? चकली?" सगळे हसले. मग आठ दिवस तू कुणाशी धड बोलला नाहीस. बॅरिस्टरांना तू चष्मा पुसायला दिलास, वर्तमानपत्र दिलंस, कागद कापायची सुरी दिलीस. काहीच बसेना. एका दुपारी मॉनिटरकडे बोट करून तू मला म्हणालास, "हात बघ त्यांचे. मानूस दुसऱ्याच्या घरी आल्यासारखा बसलाय." बरोबर होतं तुझं. मी वहीत लिहिलं, 'दोन्ही हात मोकळे.'

आणि मग तू माझ्याकडेच आलास. जेवायच्या सुट्टीत, डबा घेऊन. "वहीवाली, तुझं ऐकतात ते. तू बोल की एकदा. क्लोजला नको, नुसता टेबलावर असू दे. पेटलेला."

मी म्हटलं, "बघते."

दोन दिवसांनी तू विचारलंस. मी म्हटलं, "बोलले रे. नाही म्हणाले."

मी बोलले नव्हते. अठरा वर्षांत तुला खोटं सांगितलं ते हे एकदाच, आणि तू त्यावर मला तुझ्या डब्यातला बोंबील वाढलास. "ऱ्हाऊ दे. तू सांगून बघितलंस ना, बस झालं." तो बोंबील मी खाल्ला. काय करणार होते?

मालिका संपली. तू तपासण्या केल्यास, उशिरा केल्यास. डॉक्टरांनी कारणांची यादी दिली: तरुणपणीच्या बिड्या, थर्माकोलची धूळ, रंगांचे स्प्रे, आणि "हे पाइप वगैरे". वगैरे. वहिनींनी मला फोनवर तसंच्या तसं सांगितलं. दवाखान्यात तुला भेटायला आले तेव्हा नाकाला नळी होती आणि तू चॅनलला शिव्या देत होतास. दम लागत होता, तरी देत होतास. मी सांगायचं ठरवून आले होते. तुला इतका चांगला राग आलेला होता, इतका जिवंत, की मला तो काढून घ्यायचं जिवावर आलं. म्हटलं, पुढच्या वेळी. पुढची वेळ आली नाही.

गेल्या रविवारी सारसोळ्याला गेले. तुझे पाइप प्रॉडक्शनच्या ऑफिसात पडले होते, ते मागून घेतले होते. तुमच्या गल्लीत एका वेळी एकच माणूस जातो, समोरून स्कूटर आली की कुणाच्या तरी ओट्यावर चढावं लागतं. मी तुझ्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर चढून, उतरून, पोहोचले. शालूवहिनी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

पंचा उघडून त्यांनी चारही पाइप जमिनीवर ओळीने मांडले. मग म्हणाल्या, "तुझ्या फोनात येतो का गं तो कार्यक्रम? मी कधी सलग बघितलाच नाय. लागायचा तवा माझ्या भाकऱ्या."

मी एक भाग लावला. पाइपवाला. वहिनी ताट बाजूला ठेवून, फोन दोन हातांत धरून बघत होत्या. बॅरिस्टर आणि त्यांच्या धाकट्या भावाचं भांडण होतं. खाली इशाऱ्याची पट्टी आली, गेली. प्रसंग संपल्यावर वहिनींनी डोळे पुसले.

"काय वाईट बोलला गं तो भाऊ. पन ह्यांचं काम कुठं होतं यात?"

मी म्हटलं, "बॅरिस्टरांच्या हातात पाइप होता ना, वहिनी. सबंध वेळ."

"होता? मी त्यांच्या तोंडाकडंच बघत होते."

दादा, हे तुला ऐकायला मिळायला हवं होतं. तुझ्या बायकोला तुझा पाइप दिसला नाही.

मग त्यांनी फोन परत दिला, ताट पुन्हा पुढे ओढलं आणि चॅनलचा उद्धार सुरू केला. तुझेच शब्द, तुझ्याच क्रमाने. "मेल्यांनी हातातलं काम काढून घेतलं. त्यानंच खचला मानूस. कोन होता तो, नाव तरी कळू दे मला."

आता गप्प बसले असते तर आयुष्यभर गप्प बसावं लागलं असतं. मी म्हटलं, "वहिनी, मी सांगितलं होतं चॅनलला, शेडच्या फाटकात उभी राहून. मीच."

त्यांचा हात ताटात थांबला.

"तू?"

"हो. त्याचा खोकला ऐकवत नव्हता."

"त्यांना ठाव होतं?"

"नाही. मी म्हटलं त्याला, की तुझ्यासाठी बोलून बघितलं. खोटं."

वहिनी एकेक खडा काढून उंबऱ्याबाहेर टाकत राहिल्या. मला वाटलं आता उठ म्हणतील. मी पर्स जवळ ओढून घेतली होती.

"खोकला कवा ऐकलास तू पयला?"

"त्याच्या आधी. वर्षभर आधी."

"आन सांगितलंस कवा?"

"दिवाळीनंतर."

"वरीसभर?" आता त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी घरात ओरडत होते, माझं कोन ऐकतं. तुझं ऐकनारे होते. फाटकात उभं राहून दोन शब्द बोलायचे होते तुला. वरीसभर थांबलीस कशापायी?"

बंद का केलास, या प्रश्नाची मी तयारी करून आले होते. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, ते अजून आहे, आणि तेच पुन्हा करेन. त्यांचा हा प्रश्न मात्र मी स्वतःलाही विचारला नव्हता. पण उत्तर असं तोंडात येऊन थांबलं होतं, जसं काही वर्षभर तिथेच होतं.

"शॉट चांगले दिसत होते, वहिनी."

त्या चिडल्या नाहीत, निदान तशा दिसल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या, नळ सुटल्याचा आवाज आला, तांदूळ धुतल्याचा. आतूनच म्हणाल्या, "मग तसं त्यांना सांगायचं होतंस. की चांगले दिसतात. घरी येऊन बोलायचे, वहीवाली कधी बरं म्हनत नाय." मग थोड्या वेळाने, "जेवून जा. आमटी-भातच हाय."

जेवून आले.

मला तुझी माफी मागायची आहे ती पाइप काढल्याची नाही, हे त्या दिवशी कळलं. ती वर्षभराची आहे. त्या वर्षातल्या प्रत्येक 'पुन्हा पेटव'ची. तू माझं ऐकून पेटवत होतास आणि मी तुझा खोकला ऐकून पेटव म्हणत होते, कारण मॉनिटरवर तो निळा धूर दिसला की मलाही वाटायचं, आहे, हे घर खरंच आहे. तू त्या धुरासाठी वेडा होतास म्हणून मी तुला ओरडायचे. मी काही कमी वेडी नव्हते. मी फक्त वहीच्या मागे उभी होते.

आणि दुसरं, जे वहिनी म्हणाल्या.

एक प्रसंग होता, आठवतो का बघ. सून माहेराहून न सांगता परत येते. रिकामी ओसरी, अर्धवट उघडं दार. बॅरिस्टर त्या फ्रेममध्ये नाहीतच. त्या दिवशी ते शूटिंगलाही नव्हते. तू म्हणालास, त्यांची गरज काय, आणि दाराआड पालथ्या बादलीवर बसलास. सून उंबऱ्याशी येते, दारातून धुराची एक बारीक रेघ बाहेर येते, ती बघून ती थांबते. सासरे घरात आहेत, जागे आहेत, वाट बघत बसलेत. पदर सारखा करते आणि आत जाते. एक शब्द नाही. एका टेकमध्ये झाला. संहितेत त्या जागी अर्ध्या पानाचं बोलणं होतं, ते सगळं दिग्दर्शकाने तिथल्या तिथे काढून टाकलं. तू बादलीवरून विचारलंस, "काय वहीवाली, मॅच हाय का?" आणि मी मान वर न करता म्हटलं, "ओके आहे, पुढे चला."

ओके नव्हतं, दादा. इतकं सुंदर मी आपल्या कामात दुसरं काही बघितलेलं नाही. मान वर केली नाही कारण डोळे भरले होते आणि पुढचा शॉट लावायचा होता.